परळमध्ये लागलेला शोध

गोळीतलं जीवनसत्त्व चांगलं की ताटातलं, हा वाद निघाला की मला परळ आठवतं. आचार्य दोंदे मार्गावर केईएम, टाटा, वाडिया या रुग्णालयांच्या शेजारीच हाफकिन संस्थेची जुनी दगडी वास्तू आहे. एकेकाळी तिथे मुंबईचे गव्हर्नर राहत. त्या आवारात मी गेलो की हाफकिन यांच्या प्लेगच्या लशीआधी मनात येतात त्या तिथेच संशोधन केलेल्या डॉक्टर लूसी विल्स. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट आपल्या मुंबईतून गेली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची मनापासून खंत वाटते.

जीवनसत्त्वांची सर्वसाधारण माहिती शाळेत सगळ्यांनीच वाचलेली असते: एकूण तेरा, काही पाण्यात विरघळणारी, काही स्निग्ध पदार्थांत. बहुतेक सगळी आता कारखान्यात तयार होतात. एवढं पुरे. आपण गिरणगावात जाऊ.

१९२८ साली भारतात काम करणाऱ्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून विल्सबाई मुंबईत आल्या. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, पण संख्येने फार कमी. जंतू शोधून काही हाती लागेना. तेव्हा विल्सबाईंनी बायका रोज काय जेवतात याची चौकशी सुरू केली. हा आजार गरिबांच्या निकृष्ट जेवणाशी जोडलेला आहे, हे त्यांना दिसू लागलं. तसंच अन्न त्यांनी उंदरांना घातलं. उंदरांचं रक्त घटलं, पण पुढे कळलं की उंदरांच्या उवांतून पसरणाऱ्या बार्टोनेला या जंतूने निष्कर्षांत घोळ घातला होता. दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. विल्सबाईंनी माकडांवर प्रयोग सुरू केले. त्यांना मार्माइट दिलं, म्हणजे बिअर तयार केल्यावर उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क, आणि माकडांचं रक्त सुधारलं. मग तेच बायकांना दिलं. त्याही बऱ्या झाल्या. १९३१ साली हे संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

पुढचा निष्कर्ष तर मला त्याहून मोलाचा वाटतो. यकृताचा शुद्ध केलेला अर्क दुसऱ्या एका पंडुरोगावर रामबाण ठरला होता, पण या बायकांना त्याचा उपयोग होईना. यकृताचा कच्चा अर्क मात्र लागू पडे. शुद्ध करता करता नेमकं हवं ते निघून जात होतं. अख्ख्या अन्नाचा कैवार घेणाऱ्यांना याहून चांगला दाखला मिळणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९४१ साली टेक्सासमधल्या संशोधकांनी चार टन पालकातून बायकांना बरं करणारा हा घटक, म्हणजेच फॉलिक ॲसिड, वेगळा काढला. १९४५ साली अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवला. आंध्रातल्या भीमवरमचे हे सुब्बाराव तरुणपणी संग्रहणीने मरणाच्या दारात जाऊन आले होते, आणि फॉलिक ॲसिड पुढे त्याच रोगावर उपयोगी ठरलं. याच रेणूत फेरफार करून तयार झालेल्या औषधाने १९४८ साली सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्तकर्करोगाला प्रथमच काही काळ माघार घ्यायला लावली.

आता गोळी आणि भाजी यांची तुलना करू. पालेभाज्या, चवळी, हरभरा, मूग यांतलं फोलेट (म्हणजे अन्नातलं हेच जीवनसत्त्व) साखळीच्या रूपात असतं; आतड्याला ती साखळी आधी तोडावी लागते. ते उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं. पालक उकळून पाणी फेकलं तर जवळपास निम्मं फोलेट त्या पाण्याबरोबर जातं. गोळीतलं फॉलिक ॲसिड सुटं असल्याने सहज शोषलं जातं. या एका बाबतीत कारखान्यातला माल सरस आहे, हे भाजीप्रेमींनी मोकळेपणाने मान्य करावं. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. आधीच्या बाळाच्या मेंदूत किंवा कण्यात जन्मजात दोष होता, अशा मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर तो दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

मात्र एकटी गोळीही पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा १९९३ पासून अभ्यास करत आले आहेत. निम्म्याहून अधिक मातांमध्ये बी-१२ हे दुसरं जीवनसत्त्व कमी आढळलं. २००८ साली त्यांनी दाखवलं की गरोदरपणी जिच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, तिच्या मुलात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. शिवाय फॉलिक ॲसिडने पंडुरोग ओसरतो आणि बी-१२ची उणीव झाकली जाते. मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं. बी-१२ भाजीत नाहीच. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, नाहीतर गोळीतून. शाकाहारी घरांत कृत्रिम जीवनसत्त्वाला नाक मुरडणं मला मुळीच पटत नाही.

सरकारी दवाखान्यातून गरोदर बाईला रोजची लाल गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती जरूर घ्यावी. पण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेल्याची खात्री होण्याआधीच. म्हणून घरात लेक-सून बाळाचा विचार करत असेल, तर निदान महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा, बी-१२ तपासून घ्या, आणि पालेभाजीचं पाणी फेकू नका.