विश्लेषण : ‘कॅसेट’वाले व्हिडीओ गेम पुन्हा का शोधले जात आहेत?

जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची न उघडलेली प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली. अशा बातम्यांमुळे जुने कन्सोल म्हणजे गुंतवणूक, असा अनेकांचा समज झाला. पण मन लावून संग्रह करणाऱ्यांची चिंता वेगळीच आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची ही यंत्रे आता बिघडू लागली आहेत.

भारतीय घरांत होते ते यंत्र कोणते?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील घराघरांत ‘टीव्ही व्हिडीओ गेम’ म्हणून जे आले, ते बहुतांश जपानी ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. निन्टेंडोने फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणला आणि १९८५ मध्ये तोच नवे रूप देऊन ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत विकायला सुरुवात केली. दोन्ही मिळून सुमारे ६ कोटी १९ लाख यंत्रे विकली गेली. नकला यात धरलेल्या नाहीत.

नक्कल सोपी झाली त्याला कारण आहे. एनईएसमध्ये कॅसेट खरी आहे की नाही हे तपासणारी चिप होती, फॅमिकॉममध्ये नव्हती. त्यामुळे तैवान-चीनमध्ये तयार झालेल्या नकलांनी फॅमिकॉमचाच ६० पिनांचा साचा उचलला. एनईएसची कॅसेट ७२ पिनांची असते, ती आपल्याकडच्या यंत्रात बसत नाही. आणि ‘९९९९ इन वन’ कॅसेटमध्ये खेळ असायचे मोजकेच. ‘कॉन्ट्रा’ किंवा ‘मारिओ’ वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू करून आकडा फुगवलेला असे. तेव्हा कुणी तक्रार केली नाही, हेही खरे.

फुंकर मारल्याने कॅसेट चालू होते का?

नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडीओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार या वस्तूला हात लावायला तयार नव्हते. म्हणून एनईएसला व्हीसीआरसारखे रूप दिले गेले. कॅसेट समोरून आत सरकवायची आणि खाली दाबायची. या रचनेत आतल्या पिना हळूहळू वाकतात, संपर्क सैल होतो. मग तपासणी करणाऱ्या चिपला कॅसेटकडून उत्तर मिळत नाही आणि ती यंत्र पुन:पुन्हा सुरू करत राहते. लाल दिवा लुकलुकतो तो यामुळे. कॅसेट काढून पुन्हा बसवली की संपर्क नव्याने जुळतो आणि श्रेय मात्र फुंकरीला मिळते. उलट तोंडातील ओलाव्याने धातू गंजतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसणे हा खरा उपाय.

निन्टेंडो की सेगा?

संग्राहकांचा हा आवडता वाद. सेगाचा १६ बिटचा ‘मेगा ड्राइव्ह’ १९८८ मध्ये आला, निन्टेंडोचा ‘सुपर फॅमिकॉम’ १९९० मध्ये. सेगाचा प्रोसेसर सुमारे ७.६ मेगाहर्ट्झचा, तर निन्टेंडोचा जास्तीत जास्त ३.५८. रंगांत मात्र उलट चित्र. सेगाकडे ५१२ रंगांतून एका वेळी ६४, निन्टेंडोकडे ३२,७६८ रंगांतून २५६. शिवाय निन्टेंडोचे यंत्र सपाट चित्र फिरवू व तिरके करू शकत असे. ‘एफ-झीरो’मधला धावता रस्ता त्याचीच किमया. सेगाचा आवाज यामाहाच्या सिंथेसायझर चिपचा, धातूसारखा करकरीत. निन्टेंडोकडे सोनीची चिप होती, ती ध्वनिमुद्रित वाद्यांचे तुकडे वाजवत असे.

केवळ आकडे पाहून निवड करू नये. ‘स्ट्रीट फायटर २’ला सहा बटणे लागतात आणि सेगाच्या मूळ कंट्रोलरला तीनच होती. वेगाचा खेळ हवा असेल तर सेगा, कथा आणि संगीत हवे असेल तर निन्टेंडो, हा ढोबळ हिशेब आजही चालतो. मात्र सेगाचे युरोपीय यंत्र घेताना एक पाहावे. तिथला टीव्ही ५० हर्ट्झचा असल्याने अनेक खेळ मूळ वेगापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालतात. ज्याच्या वेगाचीच ख्याती, तो पहिला ‘सॉनिक’देखील त्यातून सुटलेला नाही.

नव्या टीव्हीवर बदके का मरत नाहीत?

‘डक हंट’ची बंदूक गोळी सोडत नाही, प्रकाश पाहते. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीतील सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच नेम लागतो. म्हणूनच दिव्यावर बंदूक धरून फसवता येत नाही. हे सगळे जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेले आहे. एलसीडी पडदा चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो आणि नेम चुकतो.

मोबाइलवर खेळता येत असताना यंत्र कशाला?

अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असे व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने ‘३डीएस’ आणि ‘वी यू’ यांची ऑनलाइन दुकाने बंद केली. असे अनेक खेळ कायदेशीरपणे खेळायचे तर जुनी कॅसेट आणि जुने यंत्र हाच मार्ग उरतो.

घेताना काय तपासावे?

सर्वांत आधी अडॅप्टर. जपानी यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात तो थेट लावला तर जळतो. अमेरिकी एनईएसचा अडॅप्टर एसी वीज देतो आणि फॅमिकॉमला डीसी लागते, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला लावू नये. यंत्र पिवळे पडले असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो प्लास्टिकचा गुण आहे, आतल्या सर्किटचा त्याच्याशी संबंध नाही. नक्कल ओळखायची तर यंत्र उघडावे. सुट्या चिपांऐवजी काळ्या लाखेसारखा गोळा दिसला तर ती नक्कल.

‘लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपण्यासाठी नाण्याच्या आकाराची बॅटरी झाळून बसवलेली असते. ती संपली तरी खेळ चालतो, फक्त प्रगती साठवली जात नाही. बॅटरी बदलता येते. पण जुनी काढताच आतली नोंद पुसली जाते. लहानपणी अर्धवट सोडलेला खेळ त्यात असेल तर बॅटरी काढण्यापूर्वी तो विशेष उपकरणाने संगणकावर उतरवून घ्यावा लागतो.