सांडवा कुणी ठरवायचा?

सास्तूर-लोहारा पट्ट्यातली काळी जमीन उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी या भेगा पिऊन घेतात. एकदा माती फुगून भेगा मिटल्या, की पाणी मुरणं मंदावतं आणि पुढचा दणका वरची माती घेऊन तेरणेकडे धावतो. पाऊस तसा अगदीच कमी नाही, वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर. म्हणजे सरासरीच्या वर्षी हेक्टरभर रानावर 70 लाख लिटर पाणी पडतं. पण येतं ते मोजक्या दणक्यांत, आणि मधली उघडीप पीक वाळवून जाते. बांधबंदिस्ती हवी हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. तरीही सरकारी खर्चानं घातलेले कितीतरी बांध काही वर्षांत नांगराखाली जातात.

का जातात, ते भर पावसात सोयाबीनच्या रानात कळतं. समपातळीवर घातलेल्या बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं. काळ्या मातीत ते लवकर जिरत नाही. दोन दिवसांत पानं पिवळी पडू लागतात, मग शेतकरी फावडं घेतो आणि बांध फोडतो. त्याच तोंडातून पुढच्या पावसाचं सगळं पाणी एकवटून जातं आणि खाली घळ पडते. बांध नसता तर पाणी पसरून तरी गेलं असतं! शिवाय आखणी समपातळीची, म्हणजे बांध एका शेतातून तिरपा घुसून दुसऱ्यात निघणार. औत वळवायला जागा उरत नाही, कोपरे पडीक राहतात. जॉन केर आणि एन. के. संघी या अभ्यासकांनी 1992 मध्ये भारतातल्या कोरडवाहू भागांबद्दल हेच मांडलं होतं: शेतकऱ्याला बांध आपल्या हद्दीवर हवा असतो, आणि तो एका झटक्यात न घालता दरवर्षी थोडा थोडा वाढवायचा असतो. साहेबांच्या लेखी हा अडाणीपणा. मला तो सरळ व्यवहार वाटतो.

इलाज आहे. काळ्या रानात बांधाला किंचित ढाळ द्यायचा आणि सगळ्यात सखल कोपऱ्यात दगडी सांडवा ठेवायचा. पण खरी मेख या सांडव्यातच आहे, कारण तुमचा सांडवा शेजाऱ्याच्या रानात उघडतो. जिथं बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, तिथं पाणी कुणाच्या अंगावर सोडायचं हा प्रश्न अभियंत्याच्या दुर्बिणीतून सुटत नाही. दोन गटांच्या मालकांनी एकत्र उभं राहूनच तो सोडवायचा असतो.

भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात ही गोष्ट पद्धतीतच बसवली होती. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला हा कार्यक्रम नाबार्ड आणि 1993 मध्ये स्थापन झालेली वॉटर संस्था यांनी राबवला. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळायची; मग तंत्रज्ञ शेतकरी नवरा-बायकोबरोबर एकेका गटात फिरणार, तिथं काय करायचं ते तिघं मिळून ठरवणार. जालन्याजवळचं कडवंची याच कार्यक्रमातून, तिथल्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं उभं राहिलं आणि पुढं द्राक्षाचं गाव म्हणून नावाजलं. अर्थात चराईबंदीचा भार शेळ्या राखणाऱ्या भूमिहीनांवर पडतो. कौतुकाच्या लेखांत ही बाजू क्वचितच येते.

सास्तूर परिसराला असा सहभाग नवा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानं हा भाग उद्ध्वस्त झाला. जी गावं पूर्ण पडली नव्हती, तिथल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा पैसा घरमालकाच्याच हाती दिला गेला, आणि प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं गावोगावच्या बायकांना त्या कामावर नजर ठेवायला तयार केलं. हीच संस्था पुढं शेतीकडे वळली. घरच्या रानातला एखादा एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात ऊस-सोयाबीनऐवजी कडधान्य, ज्वारी, भाजीपाला घ्यायचा, सेंद्रिय खत वापरायचं, पाणी बेतानं द्यायचं. या कामाला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईला पाणी कुठं साचतं हे नेमकं ठाऊक असतं; पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, म्हणून शिवारफेरीला तिला बोलावणंही येत नाही.

2014 च्या डिसेंबरात आलेल्या जलयुक्त शिवारनं कामाचा झपाटा दाखवला, यात शंका नाही. मात्र त्यातलं नाला खोलीकरण भलतंच लाडकं झालं. नाला कुणाच्या मालकीचा नसतो. जेसीबी उतरवला की कुणाशी बोलावं लागत नाही. पाणलोटाचं शास्त्र मात्र माथ्यापासून पायथ्याकडे यायला सांगतं. वरच्या रानातली माती थांबली नाही, तर खोल केलेला नाला गाळानं भरणारच.

तेव्हा तुमच्या गावात पाणलोटाचा आराखडा मंजुरीला आला, तर ग्रामसभेत रकमेआधी गटनंबरनिहाय नकाशा मागा. त्यावर प्रत्येक सांडव्यासमोर वरच्या आणि खालच्या दोन्ही शेतकऱ्यांच्या, आणि घरच्या बाईच्याही सह्या आहेत का ते बघा. नसतील तर आराखडा परत पाठवा.