लक्ष का लागत नाही?

श्रोतेहो, बेसा, हुडकेश्वर या गावांपर्यंत आता नागपूर शहर येऊन पोचले. पण घराघरातली एक तक्रार जुनीच आहे. 'गुरुजी, पोराचं डोकं चांगलं हाय, पण ध्यान एका जागी राहत नाही.' मग हळूहळू 'याचं शिक्षणात मन नाही' असा शिक्का बसतो, आणि एक दिवस शाळा सुटते. तो शिक्का मारण्यापूर्वी लक्ष म्हणजे काय, ते पाहू.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890 सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले, की प्रयत्नाने दिलेले लक्ष एका दमात काही सेकंदच टिकते. मन निसटते, आपण ते परत आणतो. तेव्हा निसटणे हा काही गुन्हा नव्हे. परत आणण्याची सवय लावणे हेच खरे शिक्षण. मोठ्यांचेही तेच. मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना तबकडीवर फिरणाऱ्या काट्याची अधूनमधून पडणारी मोठी उडी ओळखायची होती. अर्ध्या तासातच त्यांच्या चुका वाढल्या. मग लहानग्याने तासभर पाढे ऐकावेत कसे?

पण याची दुसरी बाजूही पाहा. 1907 च्या सुमारास रोममध्ये माँटेसरीबाईंनी तीनेक वर्षांची एक मुलगी पाहिली. लाकडी दट्टे खाचांत बसवायचे नि काढायचे, हे तिने चाळीसहून अधिक वेळा केले. भोवती मुले गाणी गात होती, तरी तिची मान वर झाली नाही. हाताला काम मिळाले, की मन ठरते.

ताराबाई मोडकांनी हे आपल्या मातीत आणले. 1945 साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. मुलांच्या ओळखीचीच पाने, दगड, बिया मोजायला घेतल्या.

शिक्षकबंधुभगिनींनो, डवऱ्याच्या बैलालाही आपण तासाच्या टोकाला दम घेऊ देतो. तसेच धडा दहा-पंधरा मिनिटांचा करा. मध्ये उठवा, मोजायला लावा, काढायला लावा. एका वेळी एकच सूचना द्या. पालकहो, 6 ते 12 वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. ती मोबाइलपायी तोडू नका. सकाळी उपाशी पाठवू नका. अभ्यासाची जागा नि वेळ ठरवा. आणि मूल फळा पाहताना डोळे बारीक करते का, हाक ऐकते का, तेही तपासून घ्या.

हे सारे करूनही मूल घरी, शाळेत, खेळातसुद्धा महिनोन्‌महिने स्थिर होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. अतिचंचलता हा विकार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. छडी हा उपचार नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने तिला बंदीही आहे. शिवाय भ्यालेल्या मुलाचे लक्ष छडीवर असते, फळ्यावर नव्हे.