हाताखालची पाठ

पहाटेचे साडेचार. सांगलीत कृष्णेकडून गार वारा येतोय. चैत्र आहे, ऊन वर आलं की हा वारा पडणार. तालमीचं दार ठेंगणं. आत शिरायचं तर वाकावंच लागतं.

आत एकच पिवळा दिवा. मारुतीची तसबीर, उदबत्ती आणि तो वास. लाल मातीत मुरलेलं ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर. हौद्यात दोघं जण फावड्यानं माती उकरतायत. कडेला बाकीचे जोर मारतायत. मोठ्यानं कुणी मोजत नाही. नुसते श्वास ऐकू येतात, एका लयीत. भिंतीवर गोळेश्वरच्या पैलवानाचा जुना फोटो. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. खाली नाव नाही. इथं ते विचारणारा कुणी नाही.

यात्रांचा हंगाम आहे. गावोगावी मैदानं लागलीत, म्हणून अंगं दुखरी आहेत. कोपऱ्यात सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा पालथा पडलाय. दुसरा त्याच्या मांड्यांवर उभा राहून पायानं रगडतोय. हातात वरून सोडलेला दोर. दोराला जरा लोंबकळलं की खालच्या पोरावरचा भार कमी होतो, हात सैल सोडला की वाढतो. किती वजन द्यायचं ते असं हातानं ठरतं.

वस्ताद येतात. वय सत्तरीच्या पुढं, कान मोडलेले. पोराला उठवतात. हात लावत नाहीत, आधी मागं जाऊन नुसतं बघतात.

"सरळ हुबा ऱ्हा. न्हेमी ऱ्हातुस तसा."

उजवा खांदा दोन बोटं खाली आहे. त्यांनी बोट दाखवल्यावर मलाही दिसतो. पोरगं म्हणतं कंबर दुखते. वस्ताद कमरेकडं वळतच नाहीत. पाठीला तेल लावून ते उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली अंगठा रोवतात, तसं पोरगं दात आवळतं. मग अंगठा हळूहळू खाली सरकतो, मणक्याच्या कडेकडेनं. हाडावर एकदाही येत नाही. जिथं मांस दगडासारखं लागतं तिथं थांबतो, पोराचा श्वास सुटेपर्यंत. सुटला की पुढं. तेलावर लाल पट्टा उमटत जातो. कमरेपर्यंत पोचायला पाव तास लागतो.

"एकाच अंगानं डाव टाकतुयास. आजपासनं डावीकडनं बी टाकायचा."

पोरगं उठतं, खांदे फिरवतं आणि हौद्यात उतरतं. खांदा अजून खालीच आहे, बोटभर. वस्तादांना ते दिसतंय. एका पहाटेत तो वर येणार नाही हेही त्यांना ठाऊक आहे.

साडेनऊ. मार्केट यार्ड. हळदीचे सौदे सुरू आहेत. पिवळी धूळ पापण्यांवर, दंडांवर, चहाच्या कपाच्या कडेवर. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद इथं पाठीवरून हलते. हमाल पोत्याला आकडा लावतो, गुडघ्यात वाकतो, मागून दोघं पोतं चढवून देतात. मान पुढं जाते, हनुवटी छातीकडं. मग झपझप पावलं. ओझं पाठीवर असताना कुणी रेंगाळत नाही. प्रौढ पुरुषानं एका खेपेला ५५ किलोपेक्षा जास्त उचलू नये, ही आंतरराष्ट्रीय शिफारस १९६७ सालची आहे. पोत्याचं वजन मी विचारतो. हमाल माझ्याकडं बघतो आणि म्हणतो, "उचलून बघा की."

चहाच्या सुट्टीत एक म्हातारा हमाल पोत्याला टेकून बसलाय. पुतण्या मागून त्याची मान दाबतोय. मानेच्या मुळाशी गाठ झालीय, लिंबाएवढी, वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं कमावलेली. ती दाबून जात नाही. पण डोळे मिटतात, खांदे कानांपासून खाली येतात. तेवढी पाच मिनिटं.

शेजारच्या गाळ्यात दिवाणजी मोबाइलवर वाकलाय. त्याच्या पाठीवर काहीच नाही, पण मान हमालाइतकीच खाली. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. मान ६० अंशांत वाकली की तिच्यावर सुमारे २७ किलोचा ताण येतो, असा एक हिशेब २०१४ साली मांडला गेला. संगणकावरचं गणित आहे, शरीर त्याहून गुंतागुंतीचं. तरी अर्ध्या पोत्याचं ओझं घेऊन हा माणूस दिवसभर गादीवर बसलाय, असं त्याच्याकडं बघताना मनात येतंच.

एसटी. आष्टा मागं पडतं, पेठ नाका येतो, कऱ्हाड जातं. खिडकीचा लोखंडी गज तापलाय. पुढच्या बाकावरची बाई मुलाला सारखी सांगतेय, "पोक काढू नको, नीट बस." तो ताठ होतो. उंब्रज यायच्या आत परत वाकतो.

दुपारचे दोन. सातारा जिल्ह्यातलं डोंगराच्या पायथ्याचं एक गाव. पत्र्याची शेड, पुढं कडुलिंब. रांगेत माणसं नाहीत, चपला आहेत. मी मोजतो, तेवीस जोड. माणसं सावलीत पसरलीत. खुरपणीनं कंबर धरलेली बाई. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. पुण्याहून आलेला, लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून बसलेला तरुण. माठातलं पाणी संपतं, कुणीतरी भरून आणतं. पत्रा तापून कडकड वाजतो.

म्हातारा हाडवैद्य दारातच बसलाय. कुणी तक्रार सांगायला लागलं की तो हात वर करतो. "आदी फाटकापासनं हितवर चालत या." तरुण चालत येतो. म्हाताऱ्याची नजर त्याच्या पायांवर, मग कमरेवर, शेवटी मानेवर. मग त्याला पाटावर बसवून दोन्ही हातांनी मान चाचपतो. तरुण म्हणतो, "कटकन वाजवा ना, बरं वाटतं."

"मान वाजवायची न्हाई."

म्हाताऱ्याचं बरोबर आहे. कटका वाजतो तो सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होते म्हणून. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. मानेला झटका देताना मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित घडतं, पण घडतं. म्हातारा नुसता अंगठ्यानं दाबत राहतो, कवटीच्या खालच्या खळग्यात. तरुणाच्या मांडीवरची पिशवी हळूच घसरते. तो उचलत नाही.

खुरपणीवाल्या बाईची पाळी येते. फाटकापासून चालताना तिचा डावा पाय मातीत रेघ ओढतो.

"पाय कवापासनं वढतोय?"

"चार दिस झालं."

"लगवी कळती का?"

बाई पदर तोंडाला लावते. मान हलवते. नाही. म्हातारा तिच्या पाठीला हातही लावत नाही. मुलाला हाक मारून गाडी काढायला सांगतो. "हितं एक मिंटबी थांबू नका. साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्या." ताटात टाकलेली नोट परत तिच्या हातात देतो. दिवसभर मी जे हात पाहिले, त्यांत हा न लावलेला हात मला सगळ्यांत जाणता वाटला.

संध्याकाळ. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचं ऊन पिवळं झालंय. जिन्याखालच्या छोट्या खोलीत फिजिओथेरपिस्ट बाई एका शिक्षकांची पाठ दाबतायत. दहा मिनिटं. मग त्यांना भिंतीशी उभं करतात. टाचा, पाठ, डोकं. शिक्षकांचं डोकं भिंतीला टेकत नाही, चार बोटं अंतर राहतं. बाई जबरदस्ती करत नाहीत. हनुवटी आत घ्यायला लावतात, सोडायला लावतात, पुन्हा आत. दहा वेळा. "दाबल्यानं दोन दिवस बरं वाटेल, सर. हे रोज केलंत तर टिकेल." याच जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या शाळांत शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्कार घालून घेत होते. बाई त्यातलेच चार घालायला सांगतात, सावकाश.

शिक्षक पुन्हा भिंतीशी उभे राहतात. आता तीन बोटं.

पाठ धरली तर जाणत्या हाताकडं जरूर जा. पण पाय ओढायला लागला, जांघेत बधिर झालं किंवा लघवी-शौचाचं भान गेलं, तर कुणालाही पाठ दाबू देऊ नका. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.