लुकलुकणारी वाट

तेरहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. आज लोणचं-पापड नाही आणि कर्जाचा हप्ताही नाही. आज कॉम्प्युटरच्या एका खोडीबद्दल सांगायचंय. तिच्यापायी आमच्या बचतीतले पैसे जाता जाता राहिले.

चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला गावात पाय ठेवायला जागा नसते. आपल्या स्टॉलवर पडद्यावर एक छोटी फिल्म लावू, असं बैठकीत ठरलं. विषय आपलंच गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तेरला तगर म्हणायचे. ‘पेरिप्लस’ नावाच्या जुन्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की पैठणहून पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर आहे आणि तिथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जातं. ते कापड कुणाच्या हातांनी विणलं, ते मात्र त्यात नाही. असो.

तर आम्ही ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा सतरंजीसारखा आडवा अंथरला. त्याच्यावर तगर, पैठण, भडोच अशी लाल वाट काढली, वर गावांची नावं ठेवली. कॅमेरा घारीसारखा तिरका खाली यावा, अशी कल्पना. वरून सरळ बघितलं तर सगळं झकास. कॅमेरा हलवला की वाट लुकलुकायला लागायची. कुठे पट्टे, कुठे तुकडे, मधेच नकाशाच वर यायचा. एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले, ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवं टाका. आम्ही खर्चाचा ठराव लिहायला वहीसुद्धा उघडली होती.

पण कार्ड चांगलं होतं. या खोडीला झेड-फायटिंग म्हणतात. झेड म्हणजे खोलीची दिशा, आणि फायटिंग म्हणजे भांडण. आपण म्हणू, थरांचं भांडण.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी कॉम्प्युटर एक आकडा ठेवतो: इथली वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब? दोन वस्तू एकामागे एक आल्या, तर जवळची दाखवायची आणि मागची झाकायची. आमची वाट आणि नकाशा अगदी एकाच पातळीत होते. दोघांचा आकडा सारखा. मग गणितात शेवटच्या घरात जो बारीक फरक पडेल, त्यावर या ठिपक्याला वाट जिंकते, शेजारच्या ठिपक्याला नकाशा. कॅमेरा जरा सरकला की निकाल पुन्हा बदलतो. तेच आपल्याला लुकलुकताना दिसतं.

उपाय सोपा वाटला: वाट थोडी वर उचलायची. आम्ही ती चांगली हातभर उचलली. भांडण मिटलं, पण कॅमेरा तिरका झाल्यावर वाट हवेत तरंगायला लागली आणि तेरच्या ठिपक्यावरून न जाता बाजूने जाऊ लागली. म्हणून खाली आणत आणत १ सेंटीमीटरवर ठेवली. तर लांबून पुन्हा लुकलुक!

इथे आम्ही खरं शिकलो. उसाच्या गाडीचा वजनकाटा आणि सोनाराचा काटा यांत काय फरक, ते आपल्याला ठाऊक आहे. वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवलं तर काटा हलणारसुद्धा नाही. कॉम्प्युटरचा अंतराचा काटा कॅमेऱ्याजवळ सोनाराचा असतो आणि लांब गेला की उसाच्या गाडीचा होतो. हा आकडा बहुतेक २४ बिटांचा असतो, म्हणजे त्याच्याकडे सुमारे १ कोटी ६७ लाख पायऱ्या. पुष्कळ वाटतात, पण त्यांतल्या बहुतेक कॅमेऱ्याच्या नाकासमोरच खर्च होतात.

किती खर्च होतात, ते ठरतं ‘क्लिप स्टार्ट’वर. कॅमेऱ्याने किती जवळून बघायला सुरुवात करायची, ते हे अंतर. आमच्याकडे ते १ सेंटीमीटर होतं. तेवढ्या जवळ आमचं काहीच नव्हतं, नुसत्याच पायऱ्या वाया. हिशोब केला तर १०० मीटर लांब असलेल्या नकाशावर काट्याची एक पायरी सुमारे ६ सेंटीमीटरची पडत होती. मग १ सेंटीमीटरची फट त्याला कशी कळावी? तेच अंतर आम्ही १ मीटर केलं आणि पायरी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास आली. वाट शांत झाली. ‘क्लिप एंड’, म्हणजे लांबची हद्द, कमी करायला पुष्कळजण सांगतात. त्याने फारसा फरक पडत नाही, आम्ही करून बघितलं.

एक सांभाळा. ब्लेंडरमध्ये हे अंतर दोन ठिकाणी असतं: काम करताना दिसणाऱ्या खिडकीचं वेगळं आणि कॅमेऱ्याचं वेगळं. आम्ही आधी खिडकीचंच बदललं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं तर लुकलुक तशीच. आणि दोन्ही थर तंतोतंत एकाच जागी असतील, तर क्लिप स्टार्ट कितीही बदला, उपयोग नाही. तिथे फट हवीच. नाहीतर वाट नकाशाच्याच चित्रात रंगवून एकच थर करायचा. थर एकच असला की भांडायला दुसरा नाही. वाट हळूहळू उमटवायची नसती, तर आम्हीही हेच केलं असतं.

एवढं करूनही ‘भडोच’ हे नाव थरथरत राहिलं. कुणाच्या तरी हातून शिफ्ट आणि डी दाबलं गेलं होतं आणि मग एस्केप. आपल्याला वाटतं रद्द झालं. रद्द होतं फक्त हलवणं, नक्कल तिथेच मूळच्या नावावर बसून राहते. यादीत बघितलं तर ‘भडोच’ दोनदा. एक पुसलं.

तुमच्याकडे असं काही झालं, तर यादीतल्या डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून एकेक थर लपवून बघा. एक लपवल्यावर लुकलुक गेली, तर थरांचंच भांडण आहे. एकटा थर ठेवूनही बारीक रेघा चमचमत राहिल्या, तर ते दुखणं वेगळं: रेघ पडद्याच्या ठिपक्यापेक्षा बारीक पडतेय, ती जाड करा. यातलं काहीच नसेल आणि दुसऱ्या फिल्म, दुसरी सॉफ्टवेअरंही तशीच दिसत असतील, तेव्हा कार्डावर संशय घ्या.

अडलं तर फाईल पेन ड्राइव्हवर घालून आणा. दुपारी आम्ही गटाच्या खोलीतच असतो. येताना नकाशाचं मूळ चित्रही आणा. ते विसरलं की नकाशा गुलाबी दिसतो आणि मग अर्धा तास त्यातच जातो.