नववधूचें शिरोवस्त्र आणि घरचा कशिदा

ईस्टरचा सण उलटला, म्हणजे मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या आपल्या भागांतील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नांची धांदल सुरू होते, ती मिरगाचा पाऊस येईपर्यंत चालते. या दिवसांत मुलीच्या बापाची जी ओढाताण होते, ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्याच घरीं पाहिली असेल. पांढरा झगा गोव्याहून किंवा मुंबईहून भाड्यानें आणावा, कीं नवा शिवावा, यावर खल होतो. आणि त्याच यादींत मस्तकावरील जाळीदार वस्त्राचा खर्चही मुकाट्यानें मांडला जातो. वास्तविक नववधूच्या साऱ्या पोशाखांत घरच्या हातांनीं उत्तम सजवितां येण्याजोगी जर कोणती वस्तु असेल, तर ती हीच. तिला शिंप्याचें कसब लागत नाहीं. लागते ती सुई, दोरा आणि सवड. सवडीचें म्हणाल, तर ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत चाळीस दिवस लग्नें सहसा होत नाहींत. तेवढे दिवस या कामास पुरतात.

इंग्रजी ‘व्हेल’ या शब्दाचा आपल्या तोंडीं सहज ‘वेल’ होतो, आणि त्यावर काढावयाची तीही बहुधा वेलबुट्टीच. हा योगायोग गमतीचा आहे. मस्तक झांकण्याची चाल मात्र इंग्रजांची नव्हे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायांत रिबका इसहाकास दुरून पाहून बुरखा घेते, हें आपल्या मुलींस ठाऊक आहे. हिंदु शेजाऱ्यांच्या लग्नांतील अंतरपाट आणि आपल्या वधूच्या मुखावरील जाळी, या दोहोंतही दर्शन क्षणभर लांबविण्याचीच योजना दिसते.

पांढऱ्या पोशाखाचा सार्वत्रिक प्रचार तितका जुना नाहीं. राणी व्हिक्टोरिया १० फेब्रुवारी १८४० रोजीं पांढऱ्या साटिनच्या झग्यांत विवाहास उभी राहिली. तिच्या मस्तकावर नारिंगाच्या फुलांचा मुकुट आणि डेव्हन परगण्यांत हातानें विणलेल्या होनिटन लेसचें वस्त्र होतें. तिचें अनुकरण पुढें देशोदेशीं झालें. परंतु असें वस्त्र सामान्यांच्या आवाक्यांत आलें तें एका यंत्रामुळें. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिरानें १८०९ सालीं षट्कोनी छिद्रांची जाळी विणणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. तोंपर्यंत नुसती जाळी विणण्यांतच अतोनात श्रम खर्चीं पडत. आतां जाळी यंत्राची आणि नक्षी हाताची, अशी वांटणी झाली. १८२९ पासून आयर्लंडांतील लिमरिक येथें मुली यंत्राच्या जाळीवर बारीक आंकड्यानें सांखळी-टांका घालूं लागल्या. हा आंकडा म्हणजे कच्छच्या मोच्यांच्या आरीचा भाऊच. ती विद्या अठराव्या शतकांत पूर्वेकडूनच युरोपांत गेली होती. उलट लेस विणणें मिशनऱ्यांच्या घरांतून आपल्या देशांत पसरलें. लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट यांनीं १८२० च्या सुमारास नागरकोविल येथें मुलींस तें शिकविलें. आपल्या जिल्ह्यापुरतें पाहिलें, तर विसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंपीरियल गॅझेटियरांत सावंतवाडी संस्थानच्या कारागिरींत सोन्यारुप्याचें भरतकाम, तसेच जरीनें आणि भुंग्यांच्या पंखांनीं सजविलेले वाळ्याचे पंखे यांची नोंद आहे. तेव्हां सुईचें काम या मातीस परकें नाहीं.

जाळी हातीं घेण्यापूर्वीं तिचा स्वभाव जाणावा. मालवणच्या किनाऱ्यावर जाळीं दुरुस्त करीत बसलेले रापणकर तुम्ही पाहिलेच असतील. (मुलग्यांनीं हा लेख मुलींचा म्हणून पान उलटूं नये, आपल्याकडे जाळ्याची विद्या पुरुषांचीच आहे.) त्यांच्या जाळ्यांत जेथें दोर एकमेकांस मिळतात तेथें गांठ असते, वधूच्या जाळींत गांठ नसते, एक धागा दुसऱ्याभोंवतीं पीळ घालून पुढें जातो. म्हणून ती मऊ पडते, आणि म्हणूनच आडवी फार ताणली जाते. मात्र तिची कापलेली कड उसवत नाहीं, त्यामुळें दुमड घालण्याची गरज नसते.

मापासाठीं वधूनें लग्नाच्या दिवशींचे जोडे घालून उभें राहावें, आणि जेथें फणी बसणार तेथून बोटांच्या टोंकापर्यंत फीत धरावी. हें अंतर बहुधा एक मीटरच्या आगेंमागें भरतें. दीड मीटर पन्ह्याच्या जाळीची वरची कड धांवदोऱ्यानें चुणून दहा सेंटिमीटरच्या फणीवर शिवली, म्हणजे पुरेसा घेर पडतो. जमिनीवर लोळणारें वस्त्र चित्रांत शोभतें. आपल्याकडील जांभ्याच्या पायऱ्यांवर तें तांबडी धूळ तेवढी गोळा करतें.

नक्षी कागदावर ठळक रेखावी. त्यावर पातळ पारदर्शक कागद घालावा, म्हणजे शाई जाळीस लागत नाहीं. आणि जाळी त्यावर मोठ्या टांक्यांनीं टांचावी. सुई बोथट टोंकाची घ्यावी, कारण ती जाळीच्या भोंकांतूनच जावयाची असते, कागदांत शिरावयाची नसते. सहा पदरी सुती दोऱ्याचे दोनच पदर ओंवावे. एका भोंकांतून खालीं, पुढच्यांतून वर, असा धांवदोरा भोंकें मोजीत न्यावा. तोच परत फिरवून मधल्या रिकाम्या जागा भरल्या कीं अखंड रेघ दिसते. दोऱ्यास गांठ मारूं नये. आरपार दिसणाऱ्या कापडांत ती लपविण्यास जागाच नसते. शेवट त्याच रेघेवरून तीन-चार भोंकें मागें विणून कापावा. त्याच कारणास्तव एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत दोरा मागून ओढीत नेऊं नये. आपल्या खाऱ्या दमट हवेंत लोखंडी टांचणी दोन रात्रींतच तांबूस डाग पाडूं शकते. म्हणून टांचण्या पितळेच्या घ्याव्या, नाहीं तर रोज संध्याकाळीं काढून ठेवाव्या. घामट हातांचेंही तेंच. हात वारंवार धुवावे.

छापील पुस्तकांतील गुलाब आणि लिली सर्वत्र आहेत. मला विचाराल तर बकुळीचें फूल या जाळीस फार साजतें: मधें एक भोंक मोकळें ठेवून भोंवतीं किरणांसारखे टांके घातले कीं तें झालें. कडेस माडाच्या झावळीची ओळ असावी, तिच्यावर ठिकठिकाणीं बकुळी, आणि मस्तकाकडे जातां जातां फुलें विरळ होत नाहींशीं व्हावीं. मुख झांकणारा भाग कोराच ठेवावा. घरांत दोघी शिवणाऱ्या असल्या, तर एकीनें झावळी आणि दुसरीनें फुलें घ्यावीं. कारण प्रत्येकीचा टांका निराळा पडतो आणि एकाच ओळींत तो भेद उघडा दिसतो.

दुकानांतील वस्त्र मण्यांनीं लदलेलें असतें, त्यापुढें आपल्या लेकीचें उणें दिसेल, ही भीति आयांस वाटते. तिच्यापायीं पुष्कळ चांगलीं वस्त्रें बिघडतात. मण्यांच्या भारानें जाळीचीं भोंकें लांबट होतात आणि फणी केसांतून सरकते. मणी घालावयाचेच, तर कडेजवळ, थोडे, आणि प्रत्येक मणी स्वतंत्र टांक्यानें पक्का केलेला असावा. कांहीं मणी लावून वस्त्र रात्रभर टांगून पाहावें. सकाळीं जाळी ओघळलेली दिसली, तर निम्मे उतरावे. डिंकानें खडे चिकटविणें मला मुळींच पसंत नाहीं, कारण डिंक भोंकांतून पसरतो आणि कालांतरानें पिवळा पडतो. रुपेरी जर आपल्या हवेंत काळवंडते. सुरंगीचा वळेसर माळण्याची हौस असेल, तर तो फणीच्या खालीं केसांतच माळावा. तिच्या पिवळ्या केसरांचा डाग जाळीवर पडूं देऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचें. आजची बहुतेक जाळी नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते. ती पेटली तर वितळून अंगास चिकटते. आणि सुती जाळीही क्षणांत पेट घेते. विवाहविधींत मेणबत्ती पेटवावयाची असेल, तर मुखावरील जाळी आधींच मागें घ्यावी, आणि करवलीनें मागचा घोळ हातांत धरून ठेवावा. आदल्या दिवशींच्या रोसाच्या वेळीं, जेथें नारळाच्या रसाचे हात सर्वत्र लागतात, तेथें हें वस्त्र आणूंच नये. इस्त्री अगदीं मंद असावी, आणि मधें पांढरें कापड घालावें.

विवाहानंतर वस्त्र कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावें, पिळूं नये, सावलींत पसरून वाळवावें. खळ देऊं नये. खळीस कसर लागते. प्लास्टिकच्या पिशवींत कोंडण्यापेक्षां जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यांत सैल गुंडाळावें, आणि श्रावणांत उघडीप पडतांच एकदां बाहेर काढून बुरशीचे ठिपके नाहींत ना, हें पाहावें. धाकट्या बहिणीच्या लग्नांत तेंच पुन्हां वापरतां येतें. धातूची फणी तेवढी ठेवतांना काढून घ्यावी, कारण ती गंजते. आणि घरांतील मुली संपल्या, तर त्याच जाळीचें बाप्तिस्म्याच्या झबल्यावर आवरण करतां येतें. त्याच्या घेरास कडेवरील झावळीची ओळ पुरून उरते.