हौस, चैन आणि पदरमोड : स्वतःच्या पैशाने मोटार घेण्याची मराठी परिभाषा

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या मनुष्याने वर्षानुवर्षे शिल्लक टाकून दोनच आसनांची, जमिनीलगत धावणारी, शर्यतीच्या घाटाची मोटार विकत घेतली, तर तिच्याविषयी होणारे पहिले विधान मोटारीच्या वेगासंबंधी असतेच असे नाही. पुष्कळदा ते पैशासंबंधी असते : ‘घेतली खरी, पण स्वतःच्या पैशाने घेतली.’ व्याकरणाच्या दृष्टीने पाहता या वाक्यातील ‘स्वतःच्या पैशाने’ हे पद अनावश्यक ठरते. विकत घेणे या क्रियेत घेणाऱ्याने मोल देणे गृहीतच आहे. ‘त्याने स्वतःच्या पैशाने तांदूळ घेतला’ असे वाक्य कोणी उच्चारले, तर ऐकणारा चमकतो व यामागे काही भानगड असावी असे समजतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हेच पद सहज खपून जाते. याचे कारण उघड आहे. तांदूळ घेणाऱ्यावर कोणी आरोप करीत नाही. शर्यतीच्या मोटारीवर पैसा घालणाऱ्यावर एक अनुच्चारित आरोप आधीच झालेला असतो, आणि ‘स्वतःच्या पैशाने’ हे त्या आरोपाला दिलेले उत्तर असते. हा आरोप कोणता, आणि हे उत्तर मराठीत कितपत पुरते, याचा विचार प्रस्तुत लेखात शब्दार्थाच्या अंगाने केला आहे.

२. आपला पैसा कोठे असतो

मराठीत आपला पैसा दाखवणारे जुने शब्द बहुधा वस्त्राशी व देहाशी निगडित आहेत. ‘पदरचे पैसे’, ‘गाठीचे पैसे’, ‘कनवटीचे पैसे’ या प्रयोगांत पैसा जेथे बांधून ठेवला जातो त्या जागेचे नाव पैशाच्या मालकीचे वाचक झाले आहे. याच पंक्तीत पुढे ‘खिसा’ येऊन बसला. हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ थैली किंवा कसा. शिवलेले कपडे रूढ झाल्यावर त्याचा अर्थ अंगरख्याला जोडलेल्या पिशवीपुरता स्थिर झाला, आणि ‘खिशाला चाट बसली’, ‘खिशाला परवडेल’ यांसारखे प्रयोग रूढ झाले. अंगाला चिकटलेला तो आपला पैसा, ही कल्पना या सर्वांत समान आहे.

परंतु हे शब्द परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. ‘पदरमोड’ हा शब्द पाहावा. ‘पदरमोड करून ग्रंथालय चालवले’, ‘पदरमोड करून नियतकालिकाचे चार अंक काढले’ ही वाक्ये निर्दोष आहेत. ‘पदरमोड करून त्याने शर्यतीची मोटार घेतली’ हे वाक्य मात्र विनोदी वाटते. पैसा दोन्हीकडे स्वतःचाच आहे. तरी पदरमोडीला पात्र होण्यासाठी तो दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक कार्यासाठी, म्हणजे जेथे एरवी अन्य कोणी खर्च करावयास हवा होता अशा ठिकाणी, गेला पाहिजे. तात्पर्य, स्वतःच्या पैशाच्या त्यागाला मराठीने एक गौरवाचा शब्द दिला, पण स्वतःच्या पैशाच्या उपभोगाला तो शब्द नाकारला. आरोपाचे बीज येथेच सापडते.

३. हौस, चैन आणि शौक

उपभोगाची बाजू सांभाळणारे तीन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी ‘हौस’ हा अरबी-फारसी ‘हवस’ या शब्दापासून आला. मूळ शब्दात इच्छा, लहर व वासना या तिन्ही छटा आहेत. हिंदीत ‘हवस’ उत्तरोत्तर निंद्य वासनेकडे झुकला; मराठीत त्याच्या उलट प्रवास झाला. येथे ‘हौस’ इतकी निष्पाप झाली की ती लेकीच्या लग्नात, सणावारी आणि नातवाच्या बारशाला करता येते. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण तर खर्चाचा हिशेबच बंद करून टाकते.

‘चैन’ या शब्दाचा इतिहासही बोधप्रद आहे. हिंदीत त्याचा अर्थ स्वस्थता, जिवाची शांती. मराठीत हा अर्थ एकाच क्रियापदाच्या आश्रयाने टिकून राहिला : ‘जिवाला चैन पडेना’. ‘करणे’ या क्रियापदाबरोबर मात्र तो पार बदलतो. ‘चैन करणे’ म्हणजे गरजेपलीकडचा खर्च करून सुखे भोगणे. एकच नाम, पण ‘पडणे’ने त्याला सहानुभूती मिळते आणि ‘करणे’ने दोष. ‘शौक’ या अरबी शब्दात मूळचा अर्थ उत्कंठेचा. मराठीत त्यात व्यसनाची किंचित छाया मिसळली आहे. ‘शोक’ असा त्याचा उच्चार होतो तेव्हा तो दुःखवाचक संस्कृत शब्दाशी एकरूप होतो, हा निव्वळ योगायोग होय.

आता एकाच प्रसंगाला हे शब्द लावून पाहावेत. समजा, पन्नाशीला आलेल्या एका अभियंत्याने मुलांची शिक्षणे आटोपल्यावर लाल रंगाची दोन आसनांची मोटार घेतली. त्याची पत्नी म्हणेल, ‘यांची फार दिवसांची हौस होती.’ शेजारी म्हणेल, ‘चैन आहे बुवा!’ आणि तो स्वतः म्हणेल, ‘घेतल्यावाचून चैन पडत नव्हते.’ वस्तू, किंमत व व्यक्ती यांत काडीचाही फरक नाही. फरक आहे तो बोलणारा त्या इच्छेच्या आत उभा आहे की बाहेर, याचा. हौस ही आपल्या माणसाची असते, चैन परक्याची.

४. फिटणे आणि फेडणे

येथवर नामांचा विचार झाला. क्रियापदे अधिक सांगून जातात. मराठीत सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे अशा अकर्मक-सकर्मक धातूंच्या जोड्या आहेत. अकर्मकातील टकार सकर्मकात डकार होतो व आधीच्या स्वराचा गुण होतो. फिटणे-फेडणे ही याच कुळातील जोडी. तिचा भौतिक अर्थ बांधलेले सुटणे किंवा सोडणे असा आहे : गाठ फिटते, निऱ्या फिटतात, वस्त्र फेडले जाते. यावरून लाक्षणिक अर्थाची मोठी मालिका निघाली. कर्ज फेडतात, नवस फेडतात, उपकार फेडतात, आईबापांचे पांग फेडतात. डोळ्यांचे पारणे फिटते. आणि याच मालिकेत हौस फेडली जाते, हौस फिटते.

या मालिकेतील इतर नामे पाहिली म्हणजे हौसेचे मराठी मनातील स्थान स्पष्ट होते. कर्ज, नवस, उपकार ही सर्व बंधने आहेत. देणेकरी ती फेडून मोकळा होतो. हौसही तशीच एक गाठ मानली गेली. हे देणे कोणाचे? दुसऱ्या कोणाचे नव्हे, तर आपल्याच गतायुष्याचे. लहानपणी रस्त्याने जाणारी एखादी मोटार टक लावून पाहणाऱ्या मुलाचे जे देणे राहून गेले, ते त्याच मनुष्याने चाळीस वर्षांनी चुकते केले, असा या प्रयोगाचा भावार्थ आहे. ‘हौस पुरवणे’ या प्रयोगाशी तुलना केल्यास हा भेद अधिक ठसतो. पुरवणारा आणि हौस असणारा हे बहुधा भिन्न असतात. बाप मुलाची हौस पुरवतो. हौस फेडताना मात्र देणारा व घेणारा पुष्कळदा एकच असतो. जी हौस पुरवायला कोणी नव्हते, ती स्वतःच फेडावी लागते.

‘हौस फिटली’ या प्रयोगाला आणखी एक, उपरोधिक अंग आहे. वस्तू हाती आल्यावर तिचा जाच सोसवेनासा झाला, तरी ‘हौस फिटली’ असेच म्हणतात. शर्यतीच्या घाटाच्या मोटारीच्या बाबतीत हा अर्थ अगदी व्यवहाराचा आहे. जमिनीपासून अंतर कमी असल्यामुळे गतिरोधकावर तिचे पोट घासते, रुंद टायर लवकर झिजतात, विम्याचा हप्ता मोटारीच्या किमतीच्या मानाने वाढतो, आणि सुटे भाग परदेशातून यावयाचे असल्यास वाट पाहणे भाग पडते. समाधान आणि वैताग ही दोन टोके मराठीने एकाच क्रियापदाने जोडली, कारण दोन्हीकडे इच्छेची गाठ सुटलेलीच असते.

५. एका उदाहरणाची कसोटी

पैशाबरोबर येणारी क्रियापदेही निवाडा करतात. पैसे मोजणे हे तटस्थ. पैसे घालणे यात थोडी शंका. पैसे ओतणे यात अतिरेक. पैसे उडवणे यात स्पष्ट दोष. पैसे गुंतवणे यात शहाणपण. हा निवाडा खर्चाच्या क्षणी होतो की परिणाम पाहून, हे तपासण्यास इटलीतील फेरुच्चो लॅम्बोर्गिनी (१९१६–१९९३) यांचे उदाहरण उपयोगी आहे. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या यंत्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने टाकून दिलेल्या यंत्रसामग्रीतून ट्रॅक्टर बनवण्याचा धंदा उभारला. धंद्यात पैसा मिळाल्यावर त्यांनी वेगवान मोटारी घेतल्या. त्यांत फेरारीच्याही होत्या. या मोटारींचा क्लच व एकंदर बांधणी त्यांच्या मनास उतरली नाही. १९६३ साली त्यांनी बोलोन्याजवळील सांत’आगाता येथे स्वतःचाच मोटारीचा कारखाना काढला, १९६४ साली ‘३५० जीटी’ ही मोटार विक्रीस आली आणि १९६६ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात ‘मिउरा’ने जगाचे लक्ष वेधले.

हा वृत्तान्त मराठीत सांगताना कोणते क्रियापद योजावे? १९६३ पूर्वीच्या खरेदीपुरते पाहिल्यास शेजारी ‘पैसे उडवले’ म्हणेल. कारखाना निघाल्यावर तोच शेजारी ‘पैसे गुंतवले’ म्हणू लागेल. पुढे ट्रॅक्टरचा धंदा अडचणीत आला, १९७२ साली मोटार-कारखान्यातील बहुतांश भाग व १९७४ साली उरलेला भाग विकून लॅम्बोर्गिनी उंब्रिया प्रांतात द्राक्षमळ्यावर जाऊन राहिले. तेव्हा पुन्हा ‘घातले’ हेच क्रियापद योग्य वाटू लागेल. उडवणे, गुंतवणे, घालणे ही तिन्ही क्रियापदे परिणामावर अवलंबून आहेत. केवळ ‘हौस फेडली’ हा एकच प्रयोग असा आहे की जो तिन्ही टप्प्यांवर खरा ठरतो, कारण तो फायद्यातोट्याविषयी काहीच बोलत नाही.

६. ‘स्वतःचा’ म्हणजे कोणाचा

राहता राहिला मूळ पदातील ‘स्वतःच्या’ हा शब्द. मराठी व्यवहारात वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित हा भेद फार जुना आहे, आणि तो केवळ भाषेचा नाही. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होत असे. तिची उधळण म्हणजे सहभागीदारांच्या हक्कावर आक्रमण. स्वकष्टार्जित धनावर मात्र मिळवणाऱ्याची सत्ता. पण कष्टाला लागणारी विद्याच कुटुंबाच्या खर्चाने मिळाली असेल तर? १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने अशा विद्येच्या जोरावर मिळवलेली कमाई एकत्र कुटुंबाची ठरवली. हा गोंधळ दूर करण्यासाठी मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला, आणि शिक्षण कोणाच्याही खर्चाने झाले असले तरी विद्येची कमाई ज्याची त्याची, असे निश्चित झाले.

कायद्याने प्रश्न मिटवला. भाषेने तो मिटवलेला दिसत नाही. पगारदार मनुष्याने मोटार घेतली असता ‘आईबापांचे पांग फेडायचे सोडून’ अशी सुरुवात असलेले वाक्य आजही ऐकू येते. येथे क्रियापद पुन्हा ‘फेडणे’ हेच आहे, आणि म्हणूनच ते इतके झोंबते. फेडावयाच्या देण्यांची एक रांग आहे व त्या रांगेत स्वतःची हौस शेवटी उभी राहावी, असा त्यात गर्भित आदेश आहे. ‘स्वतःच्या पैशाने’ हे उत्तर कायद्याच्या आक्षेपाला पुरते. रांगेच्या आक्षेपाला पुरत नाही.

७. नंबर आणि हप्ता

काळाबरोबर या परिभाषेत दोन शब्दांची भर पडली. भारतात मोटारींचे उत्पादन परवान्यांनी जखडलेले होते तेव्हा पदरी पैसा असूनही मोटार मिळत नसे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाटसाठी नाव नोंदवून वर्षे मोजावी लागत. तेव्हाचा शब्द ‘नंबर लागणे’ हा होता. १९८३ साली मारुती रस्त्यावर आली, १९९३ साली मोटार-उद्योग परवानामुक्त झाला, आणि नंबराची जागा ‘हप्त्या’ने घेतली. फारसीत ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवसांचा काळ. मराठीत तो अर्थ ‘आठवडा’ने सांभाळल्यामुळे ‘हप्ता’ कर्जाच्या ठरावीक भरण्यासाठी मोकळा झाला.

हप्त्याने घेतलेली मोटार स्वतःच्या पैशाची म्हणावी काय, हा प्रश्न आता उपस्थित होतो. पैसा स्वतःचाच, पण अद्याप न मिळवलेला. फिटणे या क्रियापदाने पाहिले तर परिस्थिती अशी दिसते : मोटार दारात आली त्या दिवशी हौसेची गाठ सुटते, आणि त्याच दिवशी कर्जाची गाठ बसते. एक देणे दुसऱ्या देण्याने फेडले जाते. ‘ऋण काढून सण करणे’ हा वाक्प्रचार निंदाव्यंजक झाला तो याच कारणाने. उलट वर्षानुवर्षे शिल्लक टाकणाऱ्याने हौसेचे देणे तेवढा काळ अंगावर वागवलेले असते. मोटार येते त्या दिवशी त्याच्यापुरते सर्वच फिटलेले असते.

यावरून ‘स्वतःच्या पैशाने’ या वरवर अनावश्यक पदाचे कार्य निश्चित करता येते. ते मालकी सांगत नाही. मालकी ‘घेतली’ या क्रियापदातच आहे. या हौसेसाठी दुसऱ्या कोणाचीही गाठ आवळली गेलेली नाही, एवढीच ग्वाही ते देते. ही ग्वाही खरी असेल तेथे ‘चैन’ म्हणणाऱ्यालाही अखेरीस ‘हौस’ म्हणावे लागते. खोटी असेल तेथे मोटार कितीही वेगाने धावली तरी शब्द तिला गाठल्यावाचून राहत नाही.